टोपीखालचा चार्जर

पूर्णिमाच्या स्वयंपाकघरात चार्जर स्टीलच्या ताटात बसतो. ताट ओट्यावर, टाइल्सच्या भिंतीला लागून, आजूबाजूला वीतभर जागा मोकळी. त्यावर फडकं टाकायचं नाही, शेजारी कागद ठेवायचा नाही, घराबाहेर पडताना तो चालू ठेवायचा नाही. हॉलंडमधल्या आल्मेरे गावातल्या आम्हा मराठी बायकांत यावरून तिची भरपूर थट्टा व्हायची. "नैवेद्य दाखवलास का गं चार्जरला?" असं मीच विचारायचे आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझी बाजू काही चांगली नाही.

पूर्णिमा सांगलीची. तिथे ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. २००९ साली लग्न करून अभिजितच्या मागे इकडे आली आणि व्हिसावर 'डिपेंडंट' हा शब्द बघून म्हणे तीन दिवस कुणाशी बोलली नाही. तिचं फिजिक्स इथे कुणाला नको होतं. मग तिने डच शिकायला घेतलं, लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा कोर्स केला, मुलं सांभाळण्याची पदविका घेतली. इथे स्वतःच्या घरात चार मुलं सांभाळता येतात, त्याला खास्टाउडर म्हणतात, पण त्यासाठी सरकारी नोंदणी लागते. तपासनीस घरी येतो, जिन्याच्या फाटकापासून नळाच्या गरम पाण्यापर्यंत सगळं बघतो आणि मगच परवानगी मिळते. चार वर्षं ती बाई या एका कागदासाठी राबत होती. २०१३च्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी सकाळी दहा वाजता तिची तपासणी ठरली.

त्या कागदावर माझाही जीव टांगलेला होता. लगेच पुढच्या सोमवारी ॲमस्टरडॅमला माझी नोकरी सुरू व्हायची होती आणि दोन वर्षांच्या ऋताला ठेवायला पूर्णिमाशिवाय दुसरी जागा नव्हती. "तू ऋताला घेऊन लवकर ये," ती म्हणाली होती. "घरात मूल असलं की घर मुलांचं वाटतं. शिवाय मी घाबरले की माझं डच पळून जातं."

आता घरातला तिसरा माणूस. पूर्णिमाचे सासरे, दामोदरकाका. मिरजेच्या पोस्टातून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यापासून दरवर्षी दिवाळीला येत आणि तीन महिने राहत. अत्यंत सज्जन माणूस, फक्त काही वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. पूर्णिमा घरातले संपलेले सेल एका काचेच्या बरणीत साठवायची आणि दर शनिवारी ते सुपरमार्केटातल्या सेलच्या पेटीत टाकायला काकांना पाठवायची. काका बरणी घेऊन जात, पण परत येताना त्यांचा खिसा जड असे. "इथले लोक जिवंत सेल टाकतात गं," ते मला म्हणाले होते. प्रत्येक सेल ते टॉर्चमध्ये घालून बघत आणि जरा धुगधुगी दिसली की एका जुन्या मोज्यात भरून ठेवत. मिरजेला असे सेल उन्हात ठेवून परत वापरलेले होते त्यांनी. आपल्यापैकी कुणी वापरलेले नाहीत?

तपासणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, काकांनी ऋतासाठी एक चालणारं बदक आणलं. सुनेकडे सांभाळायला पहिलं मूल येणार म्हणून स्वतः बाजारात जाऊन आणलं. त्याला दोन सेल लागत. पूर्णिमाचे परत भरता येणारे, मार्करने नंबर घातलेले पांढरे सेल सगळे कुठे ना कुठे लावलेले होते, म्हणून काकांनी मोज्यातले दोन तिच्या चार्जरमध्ये घातले. लाल दिवा लुकलुकायला लागला. काढून परत घातले, तरी लुकलुक. मी तेव्हा तिथेच चहा पीत होते.

"बाबा, तो नाही म्हणतोय," पूर्णिमा म्हणाली. "हे सेल एकदाच वापरायचे असतात. त्यांच्यात वीज परत भरता येत नाही, भरायला गेलं तर आत गॅस होतो. तो आधी प्रत्येक सेल तपासतो आणि मगच घेतो."

"आणि चांगले सेल असले की?" काकांनी विचारलं.

मास्तरीण लगेच रंगात आली. "सेल भरत आला की त्याचं व्होल्टेज चढत जातं. पूर्ण भरला की केसभर खाली उतरतं. ते उतरणं या चार्जरला कळतं आणि तो थांबतो. ते चुकलं तर सेल तापलेला कळतो, तेव्हा थांबतो. तेही चुकलं तर आत घड्याळ आहे. आणि प्रत्येक सेलचं वेगळं बघतो, एकाला भूक आहे म्हणून दुसऱ्याला वाढत नाही. स्वस्तातले चार्जर म्हणजे पंगतीत आग्रह करणारे यजमान असतात. समोरचा हात आडवा धरतोय तरी वाढत राहायचं."

काका हसले. पण ते लुकलुकणारं लाल त्यांना लागलं होतं. निवृत्त माणसाला आणि त्यातून सुनेच्या घरात राहणाऱ्याला साधं खेळणंही चालू करता येऊ नये, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं आणि मला पूर्णिमाचा रागच आला. एवढं काय ते! दोन सेलांचा प्रश्न! ती पातेलं विसळायला वळली तशी मी काकांच्या कानाशी लागले. "काका, माझ्याकडे आहे चार्जर. पुण्याहून आणलेला, साधा. तो काही नखरे करत नाही. उद्या आणते."

गुरुवारी साडेआठला मी तो पर्समध्ये घालून नेला. पूर्णिमा खाली तिसऱ्यांदा फरशी पुसत होती. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर माझी वाटच बघत होते. त्यांच्या खोलीत मी स्वतःच्या हाताने प्लग लावला. चार जागा होत्या. मोज्यातले दोन सेल आणि बदकाच्या कामी येतील म्हणून काकांनी टॉर्चमधून काढलेले पूर्णिमाचे दोन पांढरे सेल, असे चारही एकदम बसले. दिवा लागला, न लुकलुकता. "बघा," मी म्हटलं. काकांचा चेहरा एकदम खुलला.

नऊ वाजता ऋता किरकिरायला लागली, म्हणून मी तिला वरच्या मुलांच्या खोलीत पाळण्यात झोपवलं. ती खोली आणि काकांची खोली यांच्यामध्ये एक भिंत आहे. त्या भिंतीचा विचार माझ्या मनात तेव्हा आलाच नाही.

बरोबर दहाला बेल वाजली. तपासनीस फिसरबाई उंच, पन्नाशीच्या, भिजलेला रेनकोट स्वतःच दाराबाहेर झटकून आत आल्या. हसल्या, पण डोळे घरभर फिरत होते. खाली सगळं झकास पार पडलं. औषधं उंच कपाटात, सुऱ्या कुलपात, प्लगच्या भोकांना झाकणं. नळाचं पाणी त्यांनी थर्मामीटर धरून बघितलं. ताटातला चार्जर बघून त्या थबकल्या. "हे असं का?" पूर्णिमाने डचमध्ये सांगितलं आणि एकही शब्द पळून गेला नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मान हलवताना त्या मला खूश वाटल्या. काका सोफ्याच्या कडेला इस्त्रीच्या शर्टात बसले होते, जसा काही त्यांचाच निकाल होता.

मग आम्ही वर गेलो. जिन्याचं फाटक पास, धुराचा अलार्म पास. बटण दाबल्यावर तो असा काही किंचाळला की ऋता झोपेतच हुंदका देऊन कूस बदलून परत झोपली. आम्ही पाळण्यापाशी उभ्या राहून कुजबुजत बोलत होतो. गादी, चादर, गजांमधलं अंतर. आणि तिथे मला वास आला.

अगदी पुसट. केस जळावेत तसा, त्यात काहीतरी आंबट, घशाला लागणारं. मी पूर्णिमाकडे बघितलं. तिला सर्दी होती, तिला तो आला नसावा. फिसरबाई वाकून पाळण्याचे स्क्रू बघत होत्या. आता बोलले तर तपासणी बोंबलणार. तिची चार वर्षं जाणार, माझा सोमवार जाणार. दहा मिनिटांत बाई निघून जातील, मग धावत जाऊन प्लग काढते, असं मी ठरवलं. भिंतीच्या अलीकडे माझी मुलगी झोपली होती आणि मी हे ठरवलं. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"आणि ती खोली?" बाईंनी विचारलं.

"सासऱ्यांची. मुलं तिथे जाणार नाहीत," पूर्णिमा म्हणाली.

"तरी बघते." त्या पॅसेजमध्ये आल्या आणि थांबल्या. नाक वर करून त्यांनी हुंगलं. काका जिना चढून आमच्या मागे कधी आले होते कळलं नाही. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला होता. पूर्णिमाने दार उघडलं.

खिडकीखालच्या छोट्या टेबलावर काकांची लोकरीची माकडटोपी होती. कशावर तरी घातल्यासारखी उभी. लाल दिवा सुनेला दिसू नये म्हणून काकांनी ती चार्जरवर घालून ठेवली होती. पावणेदोन तास तो चार्जर लोकरीच्या टोपीखाली ऊब घेत बसला होता. टोपीच्या खालच्या कडेने काहीतरी ओलसर पसरलं होतं आणि बारीक सूंऽऽ असा आवाज येत होता.

"शर्मिला, ऋताला उचल आणि मागच्या अंगणात जा," पूर्णिमा म्हणाली. आवाज चढवला नाही. "मॅडम, तुम्हीही खाली." ती वळली, तोच फट्ट झालं. टोपी टेबलावरून उडून खाली पडली.

मी पाळण्यातून ऋताला कशी काढली, पांघरुणासकट जिना कसा उतरले, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पूर्णिमा माझ्या पुढे दोन-दोन पायऱ्या उतरत दाराजवळच्या मीटरच्या कपाटाकडे गेली आणि खटकन आवाज होऊन सगळं घर गप्प झालं. प्लगला हात लावायला ती गेली नाही. वीज मुळापासून बंद करून मग ओव्हनचे जाड हातमोजे आणि चष्मा घालून परत वर निघाली.

पण त्या अर्ध्या मिनिटात काका आत गेले होते. सुनेची लाज झाकायला, दुसरं काय! फुटलेला सेल उचलून खिशात लपवायचा होता त्यांना. सेलमधलं पाणी साधं नसतं, कातडी खातं ते. अंगणातून मला स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. पूर्णिमाने काकांना दंडाला धरून खाली आणलं आणि त्यांचा उजवा हात नळाखाली धरला.

"हळद लाव त्याला," मी काचेतून ओरडले.

"काही लावायचं नाही. नुसतं पाणी. वीस मिनिटं." तिने मागे वळूनही बघितलं नाही.

फिसरबाई मनगटावरचं घड्याळ बघत उभ्या राहिल्या. मधेच त्यांनी डॉक्टरांना फोन लावून दिला. काका हात मागे ओढत होते. "पूर्णिमा, पुरे गं. त्या बाईंना चहा तरी दे," एवढंच म्हणत होते. ती त्यांचा हात सोडत नव्हती. मग हात पंच्यात गुंडाळून तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, वर जाऊन तो सगळा ऐवज एका लोखंडी डब्यात घालून अंगणातल्या फरशीवर, माझ्यापासून दहा पावलांवर आणून ठेवला. चार्जरचं प्लास्टिक एका बाजूने मऊ होऊन वाकलं होतं. पांढऱ्या सेलांपैकी एकावर तिचा मार्करने लिहिलेला सात दिसत होता.

बाई मागच्या दारात आल्या. "हा चार्जर कुणाचा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

काका खुर्चीतून उठले. "माय चार्जर, मॅडम. माय मिस्टेक. शी डझ नॉट नो."

मी कडेवर मुलगी घेऊन तिथेच उभी होते, अवघ्या तीन हातांवर. तोंड उघडायला एक सेकंद पुरला असता. मी गप्प बसले.

फिसरबाई बराच वेळ लिहीत होत्या. मग पूर्णिमाला म्हणाल्या, "तुम्ही जे केलंत ते सगळं बरोबर केलंत. पण तुमच्या घरात काय चालू आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं. आज मी होकार देऊ शकत नाही. पाच आठवड्यांनी परत येईन. आणि हे गृहस्थ मुलांच्या वेळेत घरात असणार असतील, तर त्याचाही मला विचार करावा लागेल." पूर्णिमाने मान हलवली. रडली नाही. बाईंना रेनकोट घालायला मदत केली.

ॲमस्टरडॅमची नोकरी माझ्यासाठी थांबली नाही. ती गेली ते बरंच झालं असं मला त्या दिवसांत वाटायचं. काहीतरी शिक्षा झाली ना, मग आता सांगायची काय गरज? माणूस स्वतःशी किती लबाडी करू शकतो त्याला सुमार नाही.

पाच दिवसांनी, मंगळवारी दुपारी, पूर्णिमा माझ्या घरी आली. सायकलवरून आली होती, केस वाऱ्याने विस्कटलेले. बसली नाही.

"बाबांनी तिकीट बदलायला सांगितलंय," ती म्हणाली. "त्या बाई परत यायच्या आत निघतो म्हणतात. आणि यापुढे येणार नाही म्हणतात. अभिजित त्यांच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. ते ऐकून घेत बसले."



तिने कोटाच्या खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. भारतातला प्लग इथल्या भिंतीत बसावा म्हणून लावायचा पांढरा अडॅप्टर. त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात डबे, पातेली, झारे एकमेकींच्या घरी जातात, म्हणून आम्ही सगळ्या खुणा करतो. तिचा निळा, माझा लाल. मी तर सवयीने घरातल्या प्रत्येक वस्तूवर करते.

"वर गेल्या गेल्या दिसला मला," ती म्हणाली. "त्या बाई फोटो काढायच्या आत खिशात टाकला. तेही चुकलंच माझं. पण मला वाटलं, ही आत्ता बोलेल. मग वाटलं, त्या गेल्यावर बोलेल. मग वाटलं, उद्या बोलेल. पाच दिवस झाले, शर्मिला."

मला रडू फुटलं. ती तशीच उभी राहिली. "रडू नकोस," म्हणाली. "रडून माझं काही होणार नाही. बाबांचं तिकीट उद्या बदलणार आहे."

मी ऋताला कडेवर घेतलं आणि तिच्या मागोमाग सायकल मारत गेले. काका खिडकीत बसले होते, तीन बोटांना पट्ट्या. अभिजित घरून काम करत होता. त्याच्यासमोर मी सगळं सांगितलं, प्लग मी लावला इथपासून वास मला आला होता इथपर्यंत. अभिजित पांढराफटक पडून वडिलांकडे बघायला लागला. काका एवढंच म्हणाले, "अगं, टोपी तर माझीच होती ना." मग ऋता बदकाकडे हात करू लागली, तर उठून तिला बदक आणून दिलं. पूर्णिमाने त्यात तिचे पांढरे सेल घातले होते. तिथेच बसून मी फिसरबाईंना ईमेल लिहिला. माझं डच पूर्णिमापेक्षा चांगलं आहे, पण ते चार परिच्छेद लिहायला मला दोन तास लागले.

डिसेंबरच्या शेवटी बाई परत आल्या. काका गेले नव्हते. या वेळी तेच बाईंना ओट्याशी घेऊन गेले. बरणीतला एक सेल त्यांनी चार्जरमध्ये घातला, लाल दिवा लुकलुकला. "सी, मॅडम? ही सेज नो," काका म्हणाले आणि बरी झालेली बोटं त्यांच्यासमोर धरली. त्या बोटांवरची कातडी अजून गुलाबी होती. फिसरबाईंनी ती बोटं नीट बघितली, मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. जाताना त्यांनी होकार दिला आणि काकांबद्दल एकही अट घातली नाही.

मला मार्चमध्ये दुसरी नोकरी लागली, लायडनला, जास्त लांबची. आदल्या रविवारी मी भीतभीत पूर्णिमाला फोन केला. ऋताला घेशील का, हे वाक्य मी तीनदा मनात म्हणून बघितलं होतं.

"घेईन की," ती लगेच म्हणाली. "तिने काय केलंय? उद्यापासून आण. फक्त आत येताना पिशवी उघडून दाखवायची."

मला वाटलं, थट्टा करते आहे. सोमवारी सकाळी सात वाजता बेल वाजवली, तर ती दारात उभी राहिली, बाजूला झाली नाही. मी पिशवी उघडली. डबा, कपडे, डायपर, बदक. तिने बदक उलटं करून खालचं झाकण उघडलं, आतले सेल बघितले, झाकण लावलं. मग ऋताला माझ्याकडून घेतलं.

याला आता चार वर्षं झाली. ऋता शाळेत जाते, शाळेनंतर पूर्णिमाकडेच असते. काका दर दिवाळीला येतात. आम्ही सगळ्या एकत्र जेवतो, हसतो, चार्जरच्या नैवेद्याची थट्टा आता दुसऱ्या बायका करतात. आणि मी तिच्या दारात पोचले की न सांगता पिशवी उघडते. ती वाकून बघते आणि मग म्हणते, ये.